अपेक्षित उत्तर

पाठ टाचणाच्या पानाला चार रकाने असतात.
मुद्दा, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, फलकलेखन.
तिसऱ्यात मुलं काय म्हणतील ते
आदल्या रात्रीच लिहून टाकायचं,
निळ्या शाईत, अवतरणचिन्हांत,
जणू ती म्हणून मोकळी झालीत.

सूक्ष्म अध्यापनाला मुलं नव्हतीच.
आम्हीच एकमेकांची मुलं.
सहा मिनिटं, घड्याळ लावून,
एकाने शिकवायचं, नऊ जणांनी पाचवीत बसायचं.
पतपेढीत अकरा वर्षं वसुली केलेले ढमढेरे
हात वर करून, "बाई, मी सांगू? मी सांगू?"
रुक्सानाला सातवा महिना, बाकात मावेना,
तीही पाचवीत.
मी विचारलं, ओल्या कपड्यातलं पाणी कुठे जातं?
नऊच्या नऊ एका सुरात: हवेत!
प्रबलन कौशल्य: शाब्बास, छान, अगदी बरोबर.
दहापैकी आठ.

खरा वर्ग पर्वतीच्या पायथ्याशी,
महापालिकेची शाळा, कालव्याकडची खोली.
बेचाळीस मुलं, खडूचे पाच तुकडे,
एक डोळे मिचकावणारी ट्यूबलाइट.
शेवटच्या बाकावर पाडळकर मॅडम,
मांडीवर निरीक्षण वही, पेनाचं टोपण काढलेलं.

शैक्षणिक साहित्य: ओला रुमाल, सुतळी, दोन चिमटे.
रुमाल टांगला. प्रश्न विचारला.
दीक्षा ओव्हाळ उभी राहिली.
"भिंतीत जातं, बाई."

हे रकान्यात नव्हतं.
"नीट विचार कर," मी म्हटलं,
म्हणजे, माझ्यासारखा कर.
तिने केला. नीटच केला.
"आमची दोरी आतच हे ना. दार लावलं की
कपडे वाळतेत अन् भिंत वली होती.
मम्मी दर दिवाळीला चुना लावती, परत पोपडे.
दादाची उंची मापलेल्या रेघा होत्या,
त्या पण गळाल्या."

शेजारचा म्हणाला, आमच्यात पण.
मग त्याच्या मागचा. मग खिडकीकडची सगळी रांग.
वर्ग ओला होत गेला भिंतींकडून.

घंटा झाली तेव्हा फळ्यावर शब्द अर्धाच होता: बाष्पी.
गृहपाठ द्यायचा राहून गेला.
रुमाल तसाच, ओला.

शेरा, लाल शाईत:
आवाज स्पष्ट. साहित्य समर्पक.
विषयांतर टाळावे. वेळेच्या नियोजनाकडे लक्ष द्यावे.
खाली सही. आणि सहीच्याही खाली, पेन्सिलीने, बारीक:
ही मुलगी कुठे राहते?

मला माहीत नव्हतं.
शाळेच्या मागच्या चढावर कुठेतरी, एवढंच.
मी स्वारगेटहून बसने यायचे,
शेवटची घंटा झाली की बसनेच जायचे.

आणि खरं सांगायचं तर "हवेत" हेही माझं नव्हतं.
गेल्या वर्षीच्या शर्वरी खिलारेच्या वहीतून उतरवलेलं,
तिने कुणाच्या, त्याने आणखी कुणाच्या.
कोण जाणे पहिल्यांदा ते कुणी म्हटलं होतं,
कुठल्या गच्चीवर, किती उन्हात.

मार्चमध्ये वही बांधायला नेली
अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात.
बांधणीवाल्याने डिंकाचा हात पुसत विचारलं,
नाव सोनेरी की रुपेरी?
थांबा, म्हटलं. तिथेच उभ्याने पाठ क्रमांक सात उघडला,
"हवेत"च्या पुढे स्वल्पविराम दिला
आणि लिहिलं, "भिंतीत".

पुढच्या वर्षी कुणीतरी उतरवून घेईल.
नऊ मोठी माणसं पाचवीत बसून
एका सुरात म्हणतील: भिंतीत!
शाब्बास, छान, अगदी बरोबर.
आणि मग पर्वतीखाली कुणीतरी उठून
तिसरंच काही सांगेल,
आणि समोरच्या बाईंच्या हातात खडू तसाच राहील.

"सोनेरीला वीस रुपये जास्त," तो म्हणाला.
रुपेरी करा, म्हटलं.